दहाव्या प्रश्नाशी थांबलेल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

खरं सांगते, सर्वेक्षणाची माणसं आम्हा नर्सेसना नकोशीच वाटतात. लसीकरणाच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, त्यात तुमचे फॉर्म. पण तुम्ही फॉर्म काढायच्या आधी, दीड महिन्याच्या डोसाला आलेल्या त्या बाळंतिणीच्या सासूला म्हणालात, "आजी, बाळाला घेऊन जरा त्या बाकावर बसता? तुमच्या खांद्यावर शांत होईल." आजी उठल्या. निम्मं काम तिथेच झालं.

कारण सासू शेजारी असली की दहाही उत्तरं 'बरी आहे' अशीच येतात. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची १९८७ सालची एडिनबरो प्रश्नावली दिसायला सोपी: गेल्या ७ दिवसांबद्दलचे १० प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण ३०. पण पहिला, दुसरा आणि चौथा सोडून बाकी सातांचे गुण उलटे, सगळ्यात वरच्या पर्यायाला ३. घाईत सगळे सरळ मोजले की खचलेली बाई कागदावर ठणठणीत दिसते. आणि दहावा प्रश्न, स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तिथे शून्याखेरीज काहीही आलं, तर बेरीज कितीही कमी असो, तिला एकटीला घरी सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

तुम्ही तो प्रश्न वाचलात, पेनाला टोपण लावलंत आणि गप्प बसलात. बहुतेक जण इथे "असं काही नाही ना?" म्हणत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. ती पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली. मग म्हणाली, "येतं कधीकधी मनात." तुम्ही दचकला नाहीत, बाळाकडे बघ म्हणाला नाहीत. फक्त म्हणालात, "बरं झालं सांगितलंस."

त्या टोपणाबद्दल हे पत्र आहे.

याआधी तिने दोन ठिकाणी दाखवलं होतं. एकीकडे 'पहिलटकरीण आहे, रडणारच', दुसरीकडे 'मुलगी झाली म्हणून नाराज असेल'. अहो, बाळंतपणानंतरचं नेहमीचं रडू तिसऱ्या-पाचव्या दिवशी जोरात असतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. सहाव्या आठवड्यालाही झोप नाही, भूक नाही, बाळाला हात लावावासा वाटत नाही, हे रडूबाईपण कसं? वर सल्ला काय, तर रडू नकोस, दूध आटेल! औषध घेतलं तर पाजणं बंद करावं लागेल, अशी धमकीही त्यातलीच. सर्ट्रालिनसारखं नैराश्यावरचं औषध दुधात अगदी थोडं उतरतं, डॉक्टर अंगावर पाजणाऱ्या आईला ते देतात.

गोव्यात मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर ६ ते ८ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य आढळलं, आणि त्यांतल्या ७८ टक्के गरोदरपणातच मनाने त्रासलेल्या होत्या. गरोदरपणात तपासणीला गेलं की रक्तदाब, हिमोग्लोबिन, पोटाची वाढ, सगळं बघतात. झोप लागते का, नवरा हात उचलतो का, हे किती जण विचारतात? असे आकडे परिषदांत पडद्यावर झळकतात तेव्हा कुणाला वाटत नाही, की त्यांच्यासाठी कुणीतरी अशीच सासूला बाकावर बसवते आणि उत्तराची वाट बघते.

आणखी एक. मोबाईल नंबराच्या रकान्यात नवऱ्याचा नंबर न घालता 'तुझ्याशी बोलायला कुठला नंबर चालेल?' असं विचारलंत. तिने आईचा दिला. बाळंतिणी माहेरी जातात, सासरच्या आशाताईंच्या यादीतून निसटतात, आणि पुढच्या भेटीच्या रकान्यात 'संपर्क झाला नाही' एवढंच उरतं. हिचा संपर्क झाला. उपचार चालू आहेत.

माणुसकी म्हणजे फार मोठं काही करावं लागतं असं नाही. पण एवढंही न करणारे पगारी लोक आम्ही रोज बघतो.

तुमचा अहवाल छापून येईल तेव्हा ऋणनिर्देशात 'क्षेत्रीय कर्मचारी' एवढाच उल्लेख असेल. म्हणून हे जाहीरपणे लिहिलं. पुढच्या लसीकरणाला या, आतली खोली तुमच्यासाठी रिकामी ठेवते. तिथे दार लागतं.

आपली,
प्रसूती विभागातली एक सिस्टर