सरांच्या कच्च्या वह्या

दर्यापूर, जि. अमरावती
कोजागिरीनंतरचा मंगळवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे. साखर गोळीने ताब्यात राहते आणि गुडघ्यांचे रडगाणे तुला पाठ आहे. वेचणी सुरू झाल्यामुळे घरात माणूस सापडत नाही, म्हणून निवांतपणे लिहायला बसलो आहे.

सरांच्या घराच्या वाटण्या झाल्या आणि मधल्या खोलीतली लोखंडी पेटी उघडली गेली. काकूंचा निरोप आला तसा मी गेलो. आपल्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींच्या पाणीतपासणीच्या सगळ्या वह्या तीत आहेत : तुझ्या मोत्यासारख्या अक्षरातल्या पक्क्या, आणि सरांच्या हातच्या कच्च्या. कडुनिंबाचा पाला घातलेला असल्याने कसर फारशी लागलेली नाही. काकू एवढेच म्हणाल्या, "कोन वाचते आता हे? पन रद्दीत नको जाऊ देऊ, बाप्पा."

मी वह्या घेऊन एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो. तेथे जुन्या कागदपत्रांचा कक्ष आहे. तेथील अधिकारी सौजन्याने वागले, परंतु त्यांनी पक्क्या वह्या ठेवून घ्यायची तयारी दाखवली आणि कच्च्या परत न्यायला सांगितले. कच्च्यांत खाडाखोड आहे, पानांवर डाग आहेत आणि आकडे तर पक्क्या वहीत उतरलेच आहेत, असे त्यांचे म्हणणे. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही, आणि हे तुझ्याशिवाय कोणाला सांगावे? घरच्यांना वाटते, जुन्या वह्यांसाठी एवढे काय!

परवा मी दोन्ही वह्या शेजारी ठेवून एकच नमुना ताडून पाहिला. पक्क्या वहीत गावाचे नाव आहे आणि क्लोराइड लिटरला 302 मिलिग्रॅम, बस. कच्च्या वहीत त्याच नमुन्याला अर्धे पान दिले आहे. 50 मिली पाणी घेतले. त्यात विटकरी रंग येईपर्यंत सोडायचे सिल्व्हर नायट्रेट 0.0141 नॉर्मल तीव्रतेचे, म्हणजे त्याच्या मिलीमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोराइड. ब्युरेटचा, म्हणजे त्या मापनळीचा, पहिला फरक 31.6 मिली आला, त्यावर एकच आडवी रेघ आहे आणि पुढे लिहिले आहे, "विटकरी रंग फार पुढे गेला, पुन्हा." दुसरा फरक 30.2, म्हणजे 50 मिलीत 15.1 मिलिग्रॅम आणि लिटरला 302. त्याखाली विहिरीची खूण, पाण्याची खोली, आदल्या रात्री पाऊस पडल्याची नोंद आणि बादली कोणी सोडली तेही. त्या पानावर सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब सांडून काळपट झाला आहे आणि त्याच्या कडेला सरांच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट दिसतो. पक्की वही सांगते की आकडा 302 आहे. तो खरा का मानावा, हे कच्चीच सांगते. पुढे कोणी त्याच विहिरीचे पाणी तपासले आणि क्लोराइड वाढलेले निघाले, तर ते खरेच वाढले की तेव्हाचे पाणी पावसाने पातळ झालेले होते, याचा निवाडा त्या अर्ध्या पानाशिवाय होणार नाही. आज प्रयोगशाळेत कितीही भारी यंत्र आणा, त्या दिवशीचे पाणी परत आणता येत नाही.

इथे तुला आपले जुने भांडण आठवेलच. तू वाचने सुट्या चिठ्ठ्यांवर घ्यायचास आणि संध्याकाळी नीट उतरवायचास. मी सरांची बाजू घेतली म्हणून तू शकुंतला रेल्वेत माझ्याशेजारी बसायचे सोडलेस. नमुन्यांच्या बाटल्या मात्र बनोसा स्टेशनापर्यंत माझ्याच मांडीवर ठेवल्यास! सरांनी खोडरबर कपाटात कुलूपबंद केला होता. चुकलेला आकडासुद्धा वाचता आला पाहिजे, हा त्यांचा हट्ट मला तेव्हाही पटत होता आणि आज तर त्याहून अधिक पटतो.

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पाउलिंगचे उदाहरण मी त्या अधिकाऱ्यांना दिले. ज्या ओरेगनच्या कृषी महाविद्यालयातून तो 1922 साली पदवीधर झाला, तेच आज ओरेगन स्टेट विद्यापीठ आहे. 1986 साली त्याने आपली कागदपत्रे तेथे दिली. त्याच्या संशोधनाच्या 46 वह्या तेथे आहेत आणि त्यांची पाने कोणालाही घरबसल्या पाहता येतात. 1953 साली त्याने डीएनएची तीन पदरांची रचना मांडली आणि ती साफ चुकली, तरी त्या चुकलेल्या रचनेचे कागदही विद्यापीठाने जपून ठेवले आहेत. दोन नोबेल मिळालेल्या माणसाची चूक ठेवायची आणि आपल्या सरांनी प्रामाणिकपणे मारलेली रेघ टाकून द्यायची, हे मला मान्य नाही. पूर्णेच्या काठची माणसे पिढ्यान्‌पिढ्या ते खारे पाणी शेंदत आली आहेत. त्यांच्या विहिरींचा इतका बारकाईने लिहिलेला हिशेब माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

म्हणून तुझ्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. पहिली, एक सहीचे पत्र : पक्क्या वह्या तुझ्या हातच्या आहेत, त्या कच्च्यांवरूनच उतरवल्या आणि उतरवताना कोणत्या नोंदी गाळायला सांगितल्या होत्या, हे त्यात स्पष्ट लिही. हे सांगू शकणारा आता तूच एक आहेस. दुसरी, विहिरींच्या खुणांचा उलगडा. "पा. पू.", "मा. पा.", "चिं. खा." अशी अक्षरे आहेत. मारुतीच्या पाराजवळची मला लागली, चिंचेखालचीही लागली. उरलेल्या विहिरींवर सायकलने तू गेला होतास. यादी सोबत जोडली आहे. वह्यांचा क्रम मी मुळीच मोडलेला नाही. तूही मोडू नकोस, कारण पेटीत त्या सरांनी ठेवल्या तशाच आहेत.

तुझ्या मोतीबिंदूचे काय झाले? नातवाला आशीर्वाद, वहिनींना नमस्कार. धाकटीचे जमले हे ऐकून फार आनंद झाला. तारीख ठरताच कळव.

दिवाळीनंतर विद्यापीठ उघडले की मी पुन्हा जाणार आहे, आणि या खेपेस दोन्ही प्रकारच्या वह्या एकत्र घेतल्या तरच देईन. तुझे पत्र त्याआधी हाती यावे. फोनवर सांगू नकोस, कागदावर लिही.

तुझाच,
जुना सोबती