संगणक एक असला तरी खाते ज्याचे त्याचे हवे

संपादक महोदय,

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी अठ्ठावीस वर्षे दिवाणजी आहे. गेल्या हंगामात दुकानात जे घडले ते मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

कडेगावकडच्या एका शेतकऱ्याचा माल भरला १४ क्विंटल ८० किलो. संगणकातून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, निघाली ११ क्विंटल ८० किलोची. तोलाईची चिठ्ठी त्यांनी बंडीच्या खिशात जपून ठेवली होती, म्हणून त्यांचे पैसे बुडाले नाहीत. पण आकडा बदलला कुणी? संगणकात नाव एकच, ‘ॲडमिन’. मालक, मी, दोघे कारकून आणि दिवाळीला काम सोडून गेलेला पोरगा, सगळे त्याच नावाने आत शिरायचो. पासवर्ड म्हणजे दुकानाचे नाव आणि पुढे १२३. तो स्क्रीनखाली चिठ्ठीवर चिकटवलेला. हळदीची बोटे लागून लागून ती चिठ्ठी पिवळी झाली होती. संशय गेला कारकुनांपैकी नव्या मुलीवर. ती त्या वेळी जेवायला घरी गेली होती, हे मी सांगितले. पण संगणक तिच्या टेबलावर उघडाच होता आणि दाखवायला पुरावा नव्हता. आठवड्याभरात तिने काम सोडले. मी आणखी ठाम उभे राहायला हवे होते.

त्यानंतर भाच्याला बोलावून मी सगळी घडी बदलून घेतली. तासाभराचेही काम नव्हते. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘अकाउंट्स’ उघडून प्रत्येकाचे वेगळे खाते काढले, तेही ‘स्टँडर्ड’, म्हणजे मर्यादित अधिकारांच्या प्रकारचे. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ खाते एकच ठेवले, त्याचा पासवर्ड मालकांकडे. आता कुणी पेनड्राइव्हमधून काहीबाही इन्स्टॉल करू लागला तर बहुतेक वेळा संगणक आधी तो पासवर्ड मागतो. जेवायला उठताना विंडोजची खूण असलेले बटण आणि ‘एल’ एकदम दाबायचे, की स्क्रीनला कुलूप. कोणत्या खात्यातून कधी प्रवेश झाला, याची नोंद विंडोज ठेवते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येही माणसागणिक वेगळा युजर काढावा लागतो. तो काढला नाही तर पट्टी कुणी बदलली हे तरीही कळत नाही. आम्ही आधी तिथेच चुकलो होतो.

पासवर्डसाठी मी सर्वांना एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहायला सांगितले. लांबलचक होतो, पण लक्षात राहतो आणि सहज ओळखता येत नाही. माणूस काम सोडून गेला की त्याच संध्याकाळी त्याचे खाते बंद.

“आपलीच माणसं आहेत, कशाला एवढं?” असे शेजारचे एक व्यापारी मला म्हणाले. पण गल्ल्याची किल्ली आज कुणाकडे होती, हे आपण क्षणात सांगतो आणि त्यात कुणाला अविश्वास वाटत नाही. वेगळे खाते हे पहिल्यांदा प्रामाणिक नोकराचे संरक्षण आहे. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-सीखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र पासवर्ड सगळ्यांचा एकच असेल, तर तो कुणी कुणाचा वापरला हे पोलिसांपुढे कसे मांडणार?

यार्डातल्या पुष्कळ दुकानांत आजही आमच्यासारखीच चिठ्ठी स्क्रीनला चिकटवलेली दिसते. काही ठिकाणी विंडोज १० वरच काम चालते. मायक्रोसॉफ्टने त्याचा नियमित पाठिंबा, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, हे मालकांच्या कानावरही नसते.

बाजार समितीने कारकून-दिवाणजींसाठी अर्ध्या दिवसाचे शिबिर घ्यावे, ही विनंती. खाती कशी काढायची ते मी स्वतः येऊन दाखवीन. नवी हळद यायला लागली की कुणाला मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा ते हंगामाआधीच व्हावे.

आपला,
एक दिवाणजी, मार्केट यार्ड, सांगली