टॉवेलचा हंस आणि संपलेले क्लोरीन: एका रिसॉर्टच्या व्यवस्थापकांस तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक,
समुद्रकिनाऱ्यावरील रिसॉर्ट, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग

विषय: स्वच्छतेतील गंभीर त्रुटी

महोदय,

ऑक्टोबरमधील तीन रात्रींच्या मुक्कामाबाबत ही तक्रार आहे. आवार झाडलेले होते, फरशा चकचकीत होत्या. पण जंतू जिथे वाढतात तिथे कुणाचा हात पोचलेला नव्हता.

पोहण्याच्या तलावापाशी क्लोरीनचा उग्र वास येत होता आणि कर्मचारी तोच स्वच्छतेचा पुरावा म्हणून सांगत होते. तो वास क्लोरामाइनचा असतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की ते तयार होते, म्हणजे जंतू मारायला मोकळे (मुक्त) क्लोरीन कमी उरलेले असते. दुपारी चार वाजता चाचणी पट्टीवर मुक्त क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्याही खाली होते आणि पीएच (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा) ८. मुक्त क्लोरीन १ ते ३ आणि पीएच ७.२ ते ७.८ असायला हवा. पीएच ८ झाला की मुक्त क्लोरीनचा जेमतेम चौथा हिस्सा प्रभावी राहतो, ७.२ ला दोन तृतीयांश राहतो. आपल्याकडे पावडर सकाळी सातला एकदाच टाकतात. स्थिरकारक (क्लोरीन उन्हात टिकवणारे रसायन) नसेल तर भर उन्हात दोन तासांत बहुतेक मुक्त क्लोरीन उडून जाते, आणि मुले नेमकी त्यानंतर उतरतात. आपल्या माणसाकडची पिवळा रंग देणारी चाचणी एकूण क्लोरीन दाखवते, त्यामुळे त्याला सगळे ठीकच दिसते. मुक्त क्लोरीन वेगळे मोजणारा डीपीडी चाचणी संच आणावा, मुख्य मात्रा संध्याकाळी द्यावी, पोहण्याच्या वेळात दर दोन तासांनी मोजून नोंद तलावाजवळच्या फळ्यावर लिहावी. पायऱ्यांशी ठेवलेले पाय बुडवायचे टबही काढून टाकावेत. दहा माणसांनी पाय बुडवले की ते वाळूचे गढूळ पाणीच उरते. तिथे वाहता नळ हवा.

बांगड्याबद्दल जास्त काळजी वाटते. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी सकाळी अकरा वाजता बांगड्यांचा क्रेट बर्फाविना उघडा होता. बांगडा गरम राहिला की त्याच्या मांसात हिस्टामाइन तयार होते आणि नंतर कितीही कडक रवा फ्राय केला तरी ते नष्ट होत नाही. तोंड लाल होणे, खाज, डोकेदुखी अशी लक्षणे तासाभरात दिसतात आणि लोक त्याला मासळीची अॅलर्जी समजतात. आपल्या हवेत मासळीच्या वजनाइतकाच बर्फ लागतो, थराला थर लावून, आणि वितळलेले पाणी खालून निघून गेले पाहिजे.

पेयांचा बर्फ काचेच्या ग्लासानेच उपसला जात होता. ग्लासाचा टवका उडाला तर बर्फात काच दिसत नाही. दांड्याचा स्टीलचा डाव ठेवावा, तोही पेटीच्या बाहेर. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळा रंग देण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. आपल्याकडे मासळीचा आणि पेयांचा, दोन्ही बर्फ पांढरेच होते.

सोलकढीतला नारळाचा रस न उकळलेला असतो, त्यामुळे उष्म्यात तो झपाट्याने बिघडतो. तरी सोलकढी जेवणाच्या वेळी तीन तास उघड्या जगमध्ये होती. ५ अंशांखाली ठेवावी आणि लहान जग वारंवार भरावेत. भाताला उलटा नियम: ६० अंशांवर. आपल्या भांड्याखालची ज्योत विझलेली होती. कोमट भातात बॅसिलस सेरियस या जंतूचे विष तयार झाले तर पुन्हा गरम करून ते जात नाही.

खोलीत पलंगावर रोज टॉवेलचा हंस होता. त्याची मान वळवताना टॉवेल उघड्या हातांनी दहा वेळा दाबला जातो आणि दमट हवेत घडीच्या आतला भाग ओलाच राहतो. तिन्ही दिवशी आतून कुबट वास येत होता. कडकडीत वाळवून साधी घडी द्यावी. पाणी प्यायचे ग्लास बेसिनच्याच फडक्याने पुसले जात होते, ते ताबडतोब थांबवावे. संडास, बेसिन आणि ग्लास यांची फडकी वेगवेगळ्या रंगांची हवीत. पृष्ठभागांसाठी ४ टक्के हायपोक्लोराइट (द्रव ब्लीच) एक लिटर द्रावणात २५ मिलिलिटर पुरे, पण आधी साबणाने घाण काढून. संडासाच्या अॅसिडमध्ये ते कधीही मिसळू देऊ नये, विषारी वायू होतो.

पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोल्या पाहुण्यांना देण्याआधी, साचलेले पाणी निघून जावे म्हणून, त्यांचे नळ आणि शॉवर पाच मिनिटे वाहू द्यावेत. गिझरमधले पाणी ६० अंशांपर्यंत तापवावे. आमच्या नळाला पहिले पाणी तांबूस आले.

मागच्या कुंपणाशी सोललेल्या शहाळ्यांचा ढीग होता आणि प्रत्येक कवटीत पाणी. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाची अशा पाण्यात अंडी ते डास ही वाढ साधारण आठ ते दहा दिवसांत पुरी होते. शहाळी रोज उचलावीत. तोवर निदान पालथी टाकावीत.

पुढील गोष्टी पंधरा दिवसांत लेखी कळवाव्यात: तलावाच्या गेल्या महिन्यातील नोंदी, टाकीच्या पाण्याचा प्रयोगशाळा अहवाल (१०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय आढळता कामा नये), आणि पेयांच्या बर्फाच्या पुरवठादाराचा परवाना क्रमांक. एका रात्रीचे भाडे परत मिळावे. उत्तर न आल्यास अन्न व औषध प्रशासन आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ कडे हेच पत्र छायाचित्रांसह पाठवले जाईल.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत: चाचणी पट्ट्यांची आणि बांगड्याच्या क्रेटची छायाचित्रे