चिलरच्या पडद्यावर २६ अंश, टाकीत ३२ : लेखी उत्तर आणि भरपाईची मागणी

प्रति,
मुख्य व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

सोलापूर, दिनांक १९ मे

विषय : खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी घेतलेल्या चिलरचा (पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राचा) सदोष प्रोब (तापमान मोजणारा भाग), त्यामुळे दगावलेले प्राणी आणि आपल्या सेवा केंद्राने दिलेली उत्तरे.

महोदय,

आज सकाळी आपल्या सेवा केंद्राशी माझे सातव्यांदा बोलणे झाले आणि "तुमची तक्रार आमच्याकडून बंद केली आहे" असे मला सांगण्यात आले. माझ्याकडून ती बंद झालेली नाही, म्हणून हे पत्र थेट आपल्याकडे पाठवत आहे.

हा चिलर मी गेल्या ऑक्टोबरमध्ये ३४,५०० रुपयांना घेतला. घेण्यापूर्वी मी आपल्या विक्री विभागाला लेखी कळवले होते की टाकी १५० लिटरची आहे, पाणी खारे आहे, आणि मी सोलापुरात राहते, जिथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि स्लॅबच्या घरातली खोली रात्रीसुद्धा निवत नाही. कॉइल टायटॅनियमची असल्यामुळे खाऱ्या पाण्याची काळजी नको आणि माझ्या टाकीला हेच मॉडेल योग्य आहे, असे उत्तर आले. त्या उत्तरावर विसंबून मी पैसे भरले. थंडीत यंत्राला काम असे नव्हतेच. त्याची खरी गरज उन्हाळ्यात लागणार होती आणि नेमके तेव्हाच ते निकामी ठरले.

२२ एप्रिलच्या दुपारी टाकीतले समुद्रफूल (अ‍ॅनिमोन हा फुलासारखा दिसणारा मऊ शरीराचा प्राणी) आकसून दगडाला चिकटलेले दिसले. आपल्या चिलरच्या पडद्यावर २६ अंश हा आकडा होता. मी शाळेत विज्ञान शिकवते. प्रयोगशाळेतला काचेचा तापमापक आणून पाण्यात धरला, तर पारा ३२ वर गेला. खात्रीसाठी दुसरा तापमापक लावला, त्यानेही ३२ च दाखवले. प्रोबच्या मते पाणी २६ अंशांवर होते आणि मी लावून ठेवलेले तापमानही २६ च असल्यामुळे कॉम्प्रेसर सुरूच होत नव्हता. यंत्र आपले आहे, त्यामुळे याचा अर्थ मी आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. दोन्ही आकडे एकाच चौकटीत दिसतील असे छायाचित्र मी त्याच संध्याकाळी आपल्याला पाठवले. "तापमापक कंपनीने मान्य केलेला नाही" एवढेच त्यावरचे उत्तर होते. कोणता तापमापक मान्य आहे, हे मी तीन वेळा विचारले आणि ते आजतागायत मला कोणी सांगितलेले नाही.

या टाकीत काय होते, तेही नोंदीत असावे. दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीजवळच्या खडकाळ किनाऱ्यावर, ओहोटीच्या वेळी, तिथल्या एका मच्छीमार काकांच्या मदतीने मी खडकांतल्या डबक्यांमधून शंखात राहणारे चार हर्मिट खेकडे, बोटाएवढे दोन गोबी मासे, काही गोगलगाई आणि एका सुट्या दगडासह एक समुद्रफूल गोळा केले. प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. त्यांना मी कधीही हात लावलेला नाही. बॅटरीवरचा हवेचा पंप लावून हे प्राणी रात्रभराच्या प्रवासाने सोलापुरात आणले. त्याआधी सहा आठवडे टाकी प्राण्यांविना चालवली होती, कारण प्राण्यांच्या विष्ठेतून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर आणि वाळूत रुजेपर्यंत तिच्यात जीव सोडणे म्हणजे त्याला मारणे होय. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. तरीही साठवलेले पाणी आर.ओ.मधून काढून, लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबाने समुद्री मीठ विरघळवून मी ही टाकी भरली. उन्हाळ्यात पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते, म्हणून रोज सकाळी क्षारता मोजून गोड्या पाण्याची भर घालत आले. एका खेकड्याने या दोन वर्षांत दोनदा शंख बदलला, आणि दुसऱ्या वेळी तर माझ्या वर्गातली मुले टाकीसमोर बसून ते पाहत होती. त्यांतल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही.

११ मेच्या रात्री समुद्रफूल मेले. बंदिस्त टाकीत एवढा मऊ देह कुजू लागला की अमोनिया किती वेगाने चढतो, आणि गरम, अल्कधर्मी पाण्यात तो किती अधिक विषारी होतो, हे खाऱ्या पाण्याची उपकरणे विकणाऱ्या कंपनीला ठाऊक असलेच पाहिजे. त्यातच तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. पहाटेपर्यंत दोन्ही गोबी आणि तीन खेकडे गेले होते. पडद्यावर त्या क्षणीही २६ होते.

आता १३ मेच्या संभाषणाबद्दल लिहिते, कारण सात संभाषणांपैकी ते मी विसरू शकत नाही. आपल्या प्रतिनिधीने मला आधी विचारले, "मॅडम, मासे किती किमतीचे होते?" विकत घेतलेले नव्हते, कोकणच्या किनाऱ्यावरून आणले होते, असे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, "म्हणजे फुकटचेच होते ना? मग नुकसान काय झालं? सुट्टीत जा आणि पुन्हा घेऊन या." मी काही क्षण बोलू शकले नाही. त्यांनी ते शांतपणाचे लक्षण मानले असावे, कारण पुढे ते म्हणाले, "आणि डबक्यातलेच प्राणी आहेत, डबकी उन्हात तापतातच की." मी त्यांना सांगितले की डबके तापते ते ओहोटीच्या काही तासांपुरते. कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि थंड पाणी त्या डबक्यावरून वाहून जाते. माझ्या टाकीत भरतीचे काम आपला चिलर करणार होता, आणि ती भरती वीस दिवस आली नाही. त्यावर मागे कोणाशी तरी बोलल्याचा आवाज आला, कोणीतरी हसले, आणि मग मला ऐकवण्यात आले, "मॅडम, सोलापुरात समुद्राचे प्राणी पाळायचेच कशाला?"

हा प्रश्न मला ऑक्टोबरमध्ये, पैसे भरण्याआधी, का विचारला गेला नाही? गाव तेव्हाही सोलापूरच होते आणि ते मी लिहून कळवले होते. आपल्या माहितीपत्रकात परदेशी प्रवाळांच्या टाक्यांची छायाचित्रे आहेत, आणि ज्याच्या टाकीत हजारो रुपयांचे आयात मासे आहेत त्याच्याशी आपले लोक कदाचित वेगळे बोलत असतील. आपल्याच किनाऱ्यावरच्या जिवाला बाजारात भाव नाही, म्हणून तो मेला तर नुकसान झालेच नाही, हा हिशेब मला मान्य नाही. दोन वर्षे मी त्यांना कोळंबीचे तुकडे चिमट्याने भरवले आहेत. ते फुकटचे नव्हते.

आज सकाळी सातव्या संभाषणात नवेच कारण पुढे आले : खारे पाणी वापरल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही. खाऱ्या पाण्यासाठी म्हणून विकलेल्या यंत्राबद्दल हे सांगण्यात आले आहे. विक्री विभागाचे ऑक्टोबरमधले लेखी उत्तर सोबत जोडले आहे. आपण ते स्वतः वाचावे. पुन्हा सांगते, पडद्यावर २६ आणि पाण्यात ३२, हा दोष मी २२ एप्रिलला पुराव्यासह कळवला होता. प्राणी मेले ११ मेच्या रात्री आणि १२ मेच्या पहाटे. मधले वीस दिवस आपल्या हातात होते आणि एक प्रोब बदलायला तेवढे लागत नाहीत.

आपले नाव मी माझ्या ओळखीतल्या तीन घरांना सुचवले होते. त्यांपैकी दोघांनी आपले चिलर घेतले आहेत. त्यांना मी स्वतः जाऊन काचेचे तापमापक देऊन आले.

माझ्या मागण्या अशा आहेत. यंत्राची पूर्ण किंमत परत मिळावी. प्रोबमध्ये दोष होता की नाही, याचे लेखी आणि सहीनिशी उत्तर मिळावे. दोष असल्यास याच मॉडेलच्या सर्व ग्राहकांना पाण्याचे तापमान वेगळ्या तापमापकाने पडताळण्याची सूचना जावी. १३ मेच्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण आपल्याकडे असेल. ते पुसले जाऊ नये. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार मी सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. ग्राहक जिथे राहतो तिथे ती दाखल करता येते, त्यामुळे त्यासाठी मला आपल्या शहरात यावे लागणार नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी आजच नोंद केली आहे.

एक मागणी मात्र पंधरा दिवस थांबू शकत नाही. चौथा खेकडा, शंख बदलणारा तोच, अजून जिवंत आहे. पाणी २८ च्या वर जाऊ नये म्हणून मी दर तीन तासांनी गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली टाकीत सोडते, रात्रीसुद्धा, आणि शाळेच्या वेळेत हे काम माझी शेजारीण करते. चालू स्थितीतला बदली चिलर येत्या शुक्रवारपर्यंत माझ्या पत्त्यावर पोहोचवावा. पत्ता आणि बिल आपल्या नोंदीत आहे.

आपली ग्राहक,
सोलापूर

सोबत : बिलाची प्रत, विक्री विभागाचे उत्तर, २२ एप्रिलचे छायाचित्र, सात संभाषणांच्या तारखा आणि वेळा.