सरी भरली का?

तीर्थरूप मामांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र मामीच तुम्हाला वाचून दाखवणार, माहीत आहे. चष्मा बदलून घ्या म्हणून किती वेळा सांगायचं?

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी न कळवता गावी येऊन थडकलो होतो, ते आठवतं? साहेबांना बदलीचं विचारलं होतं आणि ते "बघू" म्हणाले होते. एवढंच. बाकीच्यांना "बघू"चा अर्थ सुरावरून कळतो म्हणे. मला कळला नाही, आणि तो शब्द एकोणीस दिवस डोक्यात मुक्कामाला राहिला. दात घासताना बघू, भाकरी मोडताना बघू, रात्री दोनला बघू.

मी ऑटिस्टिक आहे हे कळायला मला चौतिसावं वर्ष उजाडावं लागलं. (मराठीत स्वमग्न म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. स्वतःत कुठे मग्न असतो मी? त्या "बघू"त असतो.) लोकांचा सल्ला ठरलेला: सोड रे, विचारच करू नकोस. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने 1987 साली प्रयोगात लोकांना बजावलं होतं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल काही हटेना. आमच्या घरात हा प्रयोग माझ्यावर लहानपणापासून चालू आहे.

तुम्ही सल्ला दिला नाहीत. शेतीची लाइट रात्रीची होती, उसाला पाणी द्यायचं होतं. "जागाच हायस, तर चल दारं धराय," म्हणालात आणि बॅटरी माझ्या हातात दिलीत.

पहिली सरी भरत आली तसा मी घाईने खोरं घेऊन तिचं तोंड बुजवायला लागलो. पाणी तुंबलं, पाटाचा काठ खचला आणि चिखल माझ्या पोटरीपर्यंत आला. तुम्ही ओरडला नाहीत. "पानी अडवून थांबतंय व्हय? आधी फुडची सरी उघड, मग मागली बुजीव." पुढच्या सरीच्या तोंडाची माती उचलायची आणि तीच मागच्या सरीच्या तोंडाला लावायची. मग मला दुसऱ्या टोकाला उभं केलंत, पाणी पोचलं की हाक मारायला. पहाटेपर्यंत मी सव्वीस हाका मारल्या. मोजल्या होत्या.

पुढे वाचनात आलं, की डायना मरे, वेन लॉसन आणि माइक लेसर यांनी 2005 मध्ये हेच मांडलं होतं: ऑटिस्टिक माणसाचं लक्ष एका वेळी थोड्याच वाटांनी जातं, पण जातं ते जोरात. त्याला मोनोट्रॉपिझम म्हणतात. पोटरीला चिखल लागलेला होता म्हणून मला ते एका वाचनात समजलं.

आता अडकलेलं वाक्य मी वहीत लिहीत बसतो, पाऊण तास, तेच ते, सरी भरेपर्यंत. पण वही मिटायच्या आधी बार्शी लाइट रेल्वेची, त्या जुन्या नॅरोगेज गाडीची, माझी फाइल उघडून ठेवतो. क्रम चुकला की फुटतं. कधी कधी क्रम पाळूनही फुटतं. गेल्या पावसाळ्यात दोन दिवस अंथरुणातून उठलो नव्हतो. तेव्हाही तुमचा फोन आला. "कसा आहेस" नाही विचारलंत, कारण त्याचं उत्तर मला कधीच देता येत नाही. विचारलंत, "सरी भरली का?" मी म्हणालो, भरली. "मग त्या बार्शी लाइटच्या दोन रुळांत अंतर किती होतं म्हणालास?" 762 मिलिमीटर, मामा. हे तुम्हाला पाठ आहे, तरी विचारता.

साहेबांचं "बघू" म्हणजे "नाही" होतं, हे चार महिन्यांनी कळलं. ते जाऊ दे.

गेल्या महिन्यात तुम्ही म्हणालात, बार्शी लाइट मिरजेला 1937 मध्ये आली. मी ताडकन उठून बसलो. 1927, मामा! 1897 ला बार्शी, 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, आणि मग मिरज. चाळीस मिनिटं बोलत होतो. तुम्ही मुद्दाम चुकलात, हे माझ्या चार दिवसांनी लक्षात आलं.

तुमचा भाचा