मा. पर्यावरण मंत्री, ही बाटली कुठे नेऊन देऊ?

सप्रेम नमस्कार,

मी घरी सर्किट बोर्ड बनवतो, नोकरी वेगळी आहे, हा नुसता छंद. तांब्याचा पातळ थर असलेला बोर्ड घ्यायचा, पाहिजे ते ट्रॅक, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या रेघा, शाईने झाकायचे आणि बाकीचं तांबं फेरिक क्लोराईड या रसायनाच्या पाण्यात विरघळवून टाकायचं, याला आम्ही एचिंग म्हणतो. प्लास्टिकचा ट्रे हळूहळू हलवत बसलं की कडेकडेने तांबं उतरायला लागतं, खालचा फिकट बोर्ड दिसायला लागतो, बघायला भारी वाटतं. खरी पंचाईत त्यानंतर, की ट्रेमधलं ते हिरवट-तपकिरी पाणी टाकायचं कुठे.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मी पण सिंकमध्येच ओतलं. काही दिवसांनी स्टीलच्या सिंकला टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसले तेव्हा कळलं की हे तांबं खातं तसं स्टीलही खातं. सिंक बदलता येतं हो, पण वाहून गेलेल्या तांब्याचं काय? हिशोब मांडला. 10 बाय 10 सेंटीमीटरचा बोर्ड, थर 35 मायक्रॉनचा, सगळा उतरवला तर साधारण 3 ग्रॅम तांबं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा लिटरला 2 मिलीग्रॅम, म्हणजे तेवढं तांबं त्या मर्यादेत आणायला 1,500 लिटर पाणी लागेल, आणि मासे वगैरे तर याच्यापेक्षा खूप कमी तांब्यानेही मरतात.

त्या दिवसापासून ओतणं बंद. आता बाल्दीत धुण्याचा सोडा थोडा थोडा घालतो (एकदम घातला तर फेस बाल्दीबाहेर येतो, माझ्या पायावर आलाय), साका खाली बसतो, तांबं त्या साक्यात उतरतं. पण साका झाला म्हणून तांबं काही नाहीसं होत नाही, तोही घातक कचराच, कचऱ्याच्या डब्यात टाकून कसं चालेल! म्हणून एका सरकारी ऑफिसला फोन केला. पहिला प्रश्न, "कंपनी कोणती तुमची?" कंपनी नाही हो, घरी करतो म्हटल्यावर पलीकडून उत्तर, "मग टाका की गटारात."

दुसरी गोष्ट फेरिक क्लोराईडच्या पुडीची. मला मिळालेल्या पुडीवर नावापलीकडे काहीच नव्हतं. पावडर पाण्यात थोडी थोडी टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही, कारण पाण्याचा अंश नसलेली पावडर विरघळताना भयंकर तापते आणि आम्लाची वाफ येते, गॉगल आणि ग्लोव्ज घालायचे, डोळ्यात उडालं तर किमान 15 मिनिटं पाण्याने धुवत राहायचं आणि मग थेट डॉक्टर, एवढं तरी वाचता येईल अशा अक्षरात छापायला काय जातं? बरेच जण आता हायड्रोक्लोरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साईड एकत्र करून वापरतात, काम झटपट होतं, पण त्यातून क्लोरीन निघू शकतो आणि उरलेलं घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवलं तर आत वायू साठत जातो. माझ्या मित्राची बाटली फुगून फुटबॉल झाली होती, रात्री फुटली असती तर, जाऊ दे.

एक विनंती, हे वाचून बंदी घालू नका. फेरिक क्लोराईड मिळेनासं झालं तर मुलं करायचं थांबणार नाहीत, हाताला लागेल ते आम्ल आणतील. त्यापेक्षा महिन्यातून एक दिवस घरगुती रसायनं जमा करून घ्या, अर्धा लिटरची बाटलीसुद्धा, आणि कंपनीचं नाव न विचारता. वापरलेल्या द्रावणातून तांबं परत काढता येतं, कारखान्यांमध्ये ते होतंच, फक्त आमच्या बाटल्या तिथपर्यंत पोचायला रस्ता नाही.

माझ्या टेबलाखाली सध्या तीन बाटल्या आहेत, प्लास्टिकच्या, वर तारीख आणि "विष" असं मार्करने लिहिलेलं. चौथी अर्धी झालीय. तारीख कळवा, मी स्वतः आणून देतो.

आपला,
घरी बोर्ड बनवणारा एकजण