मित्रास पत्र: आप्पांच्या रिपोर्टातले जंतू

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

आप्पांच्या लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, 'ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय, ई. कोलाय' आलंय. मागे त्यांच्या पायाच्या गळवाला दिलेल्या क्लॉक्सासिलिनच्या गोळ्या उरल्यात, त्याच सुरू करू का, असं तू विचारलंस. नको गा, अजिबात नको. लॅबमध्ये दिवसभर मी हेच बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हान्स ख्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरनं १८८४ साली दाखवलेली रीत आम्ही अजून रोज वापरतो. काचपट्टीवर आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलनं धुवायचं आणि शेवटी तांबडा सॅफ्रानिन (हा रंग ग्रॅमनंतर जोडला गेला). ज्या जंतूंची भिंत जाड, ते जांभळेच राहतात. ते ग्रॅम पॉझिटिव्ह. ज्यांची भिंत पातळ पण वरून आणखी एक पडदा, त्यांचा जांभळा रंग धुऊन जातो आणि ते गुलाबी दिसतात, ते निगेटिव्ह. रंगाबरोबर आकारही बघतो: गोल, दांडीसारखा (बॅसिलाय म्हणजे हेच) की पिळाचा.

गळवात बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस असतो. गोल, जांभळा, द्राक्षांच्या घडासारखा. क्लॉक्सासिलिन त्याची भिंतच बांधू देत नाही. ई. कोलाय दांडीसारखा, गुलाबी. त्याच्या बाहेरच्या पडद्यापुढे या गोळीचं काही चालत नाही. टायफॉइडचा साल्मोनेला याच कुळातला. टीबीचा जंतू मात्र मेणचट भिंतीमुळे ग्रॅमचा रंग नीट घेतच नाही, त्याला झील-नील्सनची वेगळी रीत.

आणि खानापूरकडच्या तुम्हा भातवाल्यांसाठी एक मुद्दाम सांगतो. लेप्टोस्पायरा हा पिळाचा जंतू उंदरांच्या मुतातून शेतातल्या पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतो. तो इतका बारीक की ग्रॅमच्या रंगात दिसतच नाही. रोप लावणीनंतर ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर चिखलात उभा होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा. त्याशिवाय लेप्टोस्पायराची तपासणी कुणाला सुचायची नाही.

रिपोर्टाच्या खालच्या तक्त्यात 'एस' लिहिलेली औषधं लागू पडतील, 'आर'वाली नाहीत. त्यातलं कुठलं द्यायचं ते आप्पांचं वय आणि किडनी बघून डॉक्टरच ठरवतील. उद्या सकाळीच जा. पण रात्री थंडी वाजून ताप भरला किंवा कुशीत दुखायला लागलं, तर सकाळची वाट बघू नकोस, लगेच गाडी काढ आणि मला फोन कर.

तुझा,
बेळगावचा मित्र